समुद्राचा सामाईक पट

आमच्या पाथरीपासून समुद्र शेकडो मैल दूर आहे. तालुक्याच्या कडेने गोदावरी वाहते, पण तिची धाव पूर्वेच्या सागराकडे. पश्चिमेचा समुद्र आमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल तो मुंबईच्या चौपाटीवर, आणि तोही नातलगांकडे गेले असताना तासाभरासाठी. अशा गावच्या माणसाने समुद्राच्या वाटणीविषयी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु इतिहासाने पाथरीची आणि कोकणकिनाऱ्याची गाठ फार पूर्वीच घालून ठेवली आहे.

फेरिश्ता हा दख्खनचा नामांकित इतिहासकार. त्याने लिहून ठेवले आहे की, अहमदनगरच्या निजामशाही घराण्याचा मूळ पुरुष हा पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्यांच्या घरातला. बहमनी फौजेच्या हाती तो विजयनगरच्या मुलखात सापडला, मुसलमान झाला, मलिक हसन या नावाने दरबारात चढत गेला, आणि त्याचा मुलगा मलिक अहमद याने १४९० साली स्वतंत्र राज्य स्थापले. पुढे बुऱ्हाण निजामशहाने आपल्या पूर्वजांची पाथरी वऱ्हाडच्या इमादशहाकडे मागितली. ती सुखासुखी मिळेना, तेव्हा १५१८ साली लढून घेतली. आता याच निजामशाहीच्या ताब्यात कोकणातले चौल बंदर होते. म्हणजे ज्या घराण्याला पाथरीची माती आपली वाटत होती, त्याच घराण्याला समुद्र कोणाचा, या प्रश्नाशी झुंजावे लागले. तो प्रश्न आजही सुटलेला नाही. तो सोडवण्याची जी एक नवी रीत अलीकडे निघाली आहे, ती आहे खेळाची. पट मांडून, सोंगट्या हलवून समुद्राची वाटणी करून पाहायची! हे ऐकून कोणी हसेल. म्हणून आधी मागची हकिगत सांगतो आणि मग खेळाकडे वळतो.

शेताला बांध असतो. बांध कोरला तर भांडण होते, पण बांध कुठे आहे हे निदान डोळ्यांना दिसते. समुद्राला बांध नाही. आज इथे असलेला मासा उद्या दहा कोस पुढे. त्याच पाण्यावरून मचवाही जातो आणि मालाचे जहाजही जाते. म्हणून समुद्राची वाटणी प्रथम झाली ती बळाने. पोर्तुगीज हिंदुस्थानात आले आणि थोड्याच वर्षांत त्यांनी कार्ताझ नावाचा परवाना काढला. जहाजाचे नाव काय, नाखवा कोण, हत्यारे किती, माल कुठला, जाणार कुठे, हे सारे त्या कागदावर लिहिलेले असे. कागद नसला तर जहाज जप्त. मोठमोठ्या राजांच्या जहाजांनाही तो चुकला नाही. अकबर बादशहाच्या राज्यातून हजला निघालेल्या जहाजांनासुद्धा हा परवाना घ्यावा लागे. जमिनीवर लाखाची फौज बाळगणारा बादशहा, पण पाण्यावर परक्याच्या चिठ्ठीचा मिंधा!

चौलला हाच सामना झाला. १५२१ साली बुऱ्हाण निजामशहाने पोर्तुगीजांना चौलजवळ रेवदंड्याला कोट बांधू दिला. त्याला घोडे हवे होते आणि घोडे समुद्रातून येत. परंतु कोट एकदा उभा राहिला की बंदराची किल्ली परक्याच्या कमरेला लागते. पुढे मूर्तझा निजामशहाने १५७० च्या अखेरीस मोठी फौज घेऊन चौलला वेढा घातला. कित्येक महिने लढूनही ते ठाणे त्याला घेता आले नाही, आणि १५७१ साली तह करावा लागला. कारण उघड आहे. वेढा तीन बाजूंनी पडला होता. चौथ्या बाजूला समुद्र होता, आणि त्या बाजूने पोर्तुगीजांना रसद मिळत राहिली.

हा धडा शिवाजी महाराजांनी अचूक ओळखला. कल्याण-भिवंडी हाती येताच त्यांनी जहाजे बांधायला घेतली, १६६४ साली मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला, १६७९ साली मुंबईच्या तोंडावर खांदेरी बेट बांधून काढले. पुढे कान्होजी आंग्रे यांनी तर परकीयांचाच डाव त्यांच्यावर उलटवला आणि आपले दस्तक घेतल्याशिवाय जहाजांनी या किनाऱ्यावरून जाऊ नये असा दंडक घातला. इंग्रजांनी त्यांना चाचे म्हटले. पण जो परवाना पोर्तुगीजांनी दिला तर कायदा, तोच आंग्र्यांनी दिला तर चाचेगिरी, हा न्याय कुठला?

या काळातील एक गोष्ट मात्र मला आरमारी लढायांहून अधिक मोलाची वाटते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचे प्रकरण आहे. आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग आहे, असे तेथे सांगितले आहेच. परंतु जहाजांसाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंब्या-फणसांना परस्पर हात लावू नये, झाड जीर्ण असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन तोडावे, हीही ताकीद त्यात आहे. राज्याला जहाज हवे, हे खरे. पण त्या जहाजासाठी ज्याचे झाड जाणार, त्याला विचारल्यावाचून कुऱ्हाड घालायची नाही. समुद्राच्या वाटणीतले अर्धे शहाणपण या एका ताकिदीत आले आहे.

आता राजे आणि आरमारे बाजूला ठेवू. ज्यांचे पोट समुद्रावर, त्या कोळ्यांनी आपापसांत वाटणी कशी केली? मुंबई, वसई, उत्तनकडचे कोळी डोल जाळी लावतात. समुद्राच्या तळात खुंट ठोकायचे, त्यांना पिशवीसारखे जाळे बांधायचे, आणि भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी आपोआप आत येऊ द्यायची. या ठोकलेल्या जागेला कव म्हणतात. कोणाची कव कुठे, हे गावाला ठाऊक असते. त्याचा सातबारा नसतो, पण बापाची जागा मुलगा ओळखतो. सिंधुदुर्गाकडे रापण असते. किनाऱ्यावरून लांबलचक जाळे पाण्यात फिरवून आणतात, पुष्कळ घरांची माणसे मिळून ओढतात आणि मासळीचे वाटे ठरलेल्या रीतीने पडतात. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून मग पाण्यात लोटायच्या, हाही एक नियमच. धर्माच्या रूपाने पाळलेला, पण माशांच्या विणीच्या दिवसांत समुद्राला विसावा देणारा. आज सरकार १ जून ते ३१ जुलै अशी मासेमारीबंदी कायद्याने लागू करते, तेव्हा जुन्या रीतीलाच मोहोर लावते असे म्हणता येईल.

ही रीत सर्वस्वी निर्वेध होती असे मात्र समजू नका. गावातल्या गावात ती चाले. गावाबाहेरच्या माणसाशी गाठ पडली की मोडे. वसई-उत्तनकडच्या डोलवाल्यांनी उत्तरेकडे दूरवर कवी ठोकल्या, त्यामुळे सातपाटी-डहाणूकडच्या, वाहत्या जाळ्यांनी पापलेट पकडणाऱ्यांची वाट अडू लागली, आणि हा कवींचा वाद कित्येक वर्षे धुमसत राहिला. दोन्ही बाजू कोळ्यांचीच, दोन्ही बाजू पोटासाठीच भांडणारी. दोन गावांच्या दोन रिवाजांवर निवाडा देणारा तिसरा रिवाज कुणाकडे नव्हता.

स्वातंत्र्यानंतर नावांना यंत्रे आली. मागाहून ट्रॉलर आले, पर्ससीन जाळी आली. यंत्राने कष्ट वाचले, मासळीही वाढली, निर्यातही होऊ लागली. पण किनाऱ्याजवळचे उथळ पाणी, जिथे लहान होडीवाल्याचा संसार, तेही यंत्राने खरवडले जाऊ लागले. गोव्यात रापणकारांनी १९७० नंतरच्या दशकात मोठे आंदोलन केले. गोव्याने १९८० साली आणि महाराष्ट्राने १९८१ साली सागरी मासेमारी नियमनाचे कायदे केले. आपल्याकडे ठराविक भागात पाच किंवा दहा वाव खोलीपर्यंतच्या पाण्यात यांत्रिक ट्रॉलरने येऊ नये, असे ठरले. २०१६ साली पर्ससीन जाळ्यांवरही बंधने आली. कायदा झाला, हे चांगले झाले. परंतु वाव मोजायला भर समुद्रात कोण उभा राहणार? रात्रीच्या अंधारात कोणता ट्रॉलर कुठल्या रेषेच्या आत आला, याचा पंचनामा करणे काही सोपे नव्हे.

शिवाय आता समुद्रावर हक्क सांगणारे केवळ मासेमार उरले नाहीत. १९७४ साली मुंबईच्या पश्चिमेला भर समुद्रात तेल सापडले. १९७६ साली सागरी क्षेत्रांचा कायदा होऊन किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या संपत्तीवर देशाचा अधिकार सांगितला गेला. तेलाच्या फलाटांभोवती सुरक्षेसाठी मनाई असलेले वर्तुळ आले. १९८९ साली न्हावा-शेवाचे बंदर सुरू झाले आणि मोठमोठ्या जहाजांची ये-जा वाढली. समुद्राच्या तळाशी तेलाच्या नळवाहिन्या पडल्या, तारा पडल्या. कुठे सांडपाणी सोडायचे, कुठे गाळ उपसायचा, कुठे भर घालायची, कुठे प्रवाळ राखायचे! आपल्या पाठ्यपुस्तकांनी वर्षानुवर्षे शिकवला तो महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटरांचा. तेवढ्या किनाऱ्यासमोरच्या पाण्यावर आज डझनभर खाती आणि धंदे आपापला नकाशा घेऊन उभे आहेत. आणि गंमत अशी की, प्रत्येकाच्या नकाशात बाकीच्यांची जागा कोरी.

कोरी जागा म्हणजे काय, ते वरळीच्या उदाहरणावरून समजेल. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाचा पूल वरळी कोळीवाड्यापुढच्या पाण्यातून जायचा होता. दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठेवावे, असा आराखडा होता. कागदावर पाहिले तर ६० मीटर पुष्कळ झाले. होडी ती केवढी! पण वरळीच्या कोळ्यांचे म्हणणे असे की, क्लीव्हलँड बंदरातून निघालेली होडी कागदावरच्या रेघेसारखी सरळ जात नाही. वारा सुटला, भरतीची ओढ लागली, समोरून दुसरी होडी आली, की ती तिरकी होते, हेलकावते आणि खांबावर आदळू शकते. आम्हांला १६० मीटर हवेत. काम अडले, बोलणी झाली, मोर्चे झाले. अखेर २०२३ च्या आरंभी एक खांब कमी करून १२० मीटर अंतर ठेवण्याचे ठरले. तडजोड झाली, पण काम सुरू झाल्यानंतर झाली, आणि आराखडा बदलायचा म्हणजे पैसा व वेळ दोन्हींचा खर्च वाढला. हाच प्रश्न खांब उभे राहण्याआधी, टेबलावर नकाशा पसरलेला असताना कोणी नाखव्याला विचारला असता तर?

नेमके हेच करण्यासाठी खेळाची रीत निघाली आहे. तिला सिम्युलेशन गेम म्हणतात. आपण तिला प्रतिरूप-खेळ म्हणू. खऱ्या जगाचे लहानसे प्रतिरूप पटावर मांडायचे, खेळणाऱ्यांना त्यातली माणसे व्हायला लावायचे आणि निर्णय घेतले तर काय होईल ते खोट्या समुद्रात पाहून घ्यायचे. खोट्या समुद्रात बुडलेल्या होडीने कोणाचे घर उजाड होत नाही.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. चतुरंग हा खेळ आपलाच. हत्ती, घोडा, रथ, पायदळ अशी सेनेची चार अंगे पटावर मांडणारा. तोच इराणातून फिरत फिरत जगभर गेला. युरोपात प्रशियाच्या राइसविट्झ नावाच्या पितापुत्रांनी त्याला नवे वळण दिले. बापाने १८१२ साली आपला युद्धखेळ राजाला दाखवला. मुलाने तो सुधारून १८२४ साली सेनापतींपुढे ठेवला. चौकटींच्या जागी खरा नकाशा आला, फाशांनी लढाईतला योगायोग आला, आणि निवाडा द्यायला मध्यस्थ बसला. प्रशियाच्या अधिकाऱ्यांच्या शिक्षणात या खेळाला कायमचे स्थान मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या न्यूपोर्ट येथील आरमारी विद्यालयात असेच खेळ समुद्रासाठी खेळले जाऊ लागले. म्हणजे पटावर समुद्र मांडायची रीत आली ती लढाईच्या निमित्ताने. चौलच्या वेढ्याचीच ती पुढची पायरी समजा.

मात्र पुढे कोणाच्या तरी ध्यानात आले की, ज्या पटावर शत्रूला हरवता येते, त्या पटावर शेजाऱ्याशी समजूतही घालता येईल. अमेरिकेतील डेनिस मेडोज हे वाढीच्या मर्यादांवरील १९७२ च्या गाजलेल्या ग्रंथाचे एक लेखक. त्यांनी १९८० नंतरच्या दशकात मासेमारीचा एक खेळ तयार केला. प्रत्येक गट म्हणजे एक मासेमार कंपनी. दरवर्षी ठरवायचे, नवी जहाजे घ्यायची का, किती जहाजे किनाऱ्याजवळ पाठवायची, किती खोल समुद्रात, किती बंदरात ठेवायची. पहिली काही वर्षे सारे खुशीत. मग पुन्हा पुन्हा एकच प्रकार घडतो. जो तो आपली जहाजे वाढवतो, आणि एके वर्षी जाळी रिकामी येतात. खेळणारे शिकलेसवरलेले असतात, कोणी दुष्ट नसतो. तरीही समुद्र संपतो. हिशेब प्रत्येकाचा बरोबर आणि सगळ्यांचा मिळून चुकलेला!

समुद्राच्या सर्व वापरांची एकत्र आखणी करायची, हा विचार युरोपात एकविसाव्या शतकात बळावला. उत्तर समुद्रात पवनचक्क्या, तेल, जहाजे, मासेमारी आणि पक्ष्यांची अभयस्थाने यांची दाटी झाली होती. तेव्हा हॉलंडच्या सरकारने तेथील विद्यापीठांच्या मदतीने एक खेळ घडवला. २०११ साली लिस्बन शहरात सागरी नियोजनाच्या जाणकारांनी तो खेळला. समुद्र काल्पनिक, आणि त्याभोवतीच्या देशांना नावे दिलेली रंगांची. कोणी मासेमार झाले, कोणी जहाजवाले, कोणी पवनचक्कीवाले, कोणी निसर्गरक्षक, कोणी सरकार. पुढे याच खेळाची संगणकावरची रूपे निघाली. उत्तर समुद्र, बाल्टिक समुद्र, स्कॉटलंडची क्लाइड खाडी यांचे खरे नकाशे त्यात घातले गेले. एखाद्या ठिकाणी पवनचक्क्या लावल्या तर जहाजांचा मार्ग किती लांबेल, मासळीवर काय परिणाम होईल, हे गणिताने पडद्यावर दिसते आणि खेळ २०५० सालापर्यंत पुढे नेता येतो. ज्यांना संगणक नको त्यांच्यासाठी साधा पटही आहे. मोठा नकाशा टेबलावर पसरतात, निरनिराळ्या वापरांसाठी सोंगट्या ठेवतात, आणि जहाजांचा मार्ग म्हणून दोरा ताणतात. एका देशाने दोरा ताणत आणला आणि दुसऱ्याच्या हद्दीवर त्याला वाटच नाही, असे झाले की सारे हसतात आणि मग बोलायला लागतात. ते बोलणे हाच या खेळाचा खरा लाभ.

आपल्या देशातही भारत आणि नॉर्वे यांच्या सहकार्याने २०२१ पासून पुदुच्चेरी आणि लक्षद्वीप येथे सागरी आखणीचे प्राथमिक काम सुरू झाले. महाराष्ट्रासमोर तर प्रश्न दारात उभा आहे. पालघर जिल्ह्यातील वाढवण येथे समुद्रात सुमारे १,४४८ हेक्टर भर घालून प्रचंड बंदर उभारण्याच्या योजनेला जून २०२४ मध्ये केंद्राने मान्यता दिली, आणि त्याच वर्षी ३० ऑगस्टला पायाभरणी झाली. देशाला खोल पाण्याचे बंदर हवे, रोजगार हवा, ही एक बाजू. हे पाणी आमचे मासेमारीचे क्षेत्र आहे, ते गेले तर आम्ही कुठे जावे, हा तेथील मच्छीमारांचा सवाल ही दुसरी बाजू. या वादाचा निवाडा मी पाथरीत बसून करणे योग्य नव्हे. मात्र अशा वादात दोन्ही बाजू एकमेकांना प्रथम भेटतात त्या बहुधा मोर्चात किंवा कोर्टात, हे आपल्याला दिसतेच. त्याआधी भेटण्याची एक जागा असावी, आणि पट ही तशी जागा होऊ शकते.

आता या खेळावरचे आक्षेपही पाहिले पाहिजेत, नाहीतर आपण नव्या गोष्टीच्या भरीस पडल्यासारखे होईल. पहिला आक्षेप असा की, पट कोणी आखला? पटावर ज्याची सोंगटीच नाही, तो खेळात नाही आणि मग योजनेतही नाही. संगणकाला जहाजांचे मार्ग ठाऊक असतात, कारण मोठी जहाजे आपला ठावठिकाणा यंत्राने सतत कळवत असतात. लहान होडीवाला आणि त्याची कव कोणत्या नोंदीत सापडणार? ती सापडते नाखव्याच्या डोक्यात. तो टेबलापाशी नसेल तर पटावरची ती जागा पुन्हा कोरीच राहील आणि तेथे बेलाशक बंदराची सोंगटी बसेल. मासळी विकणाऱ्या कोळणीचेही तसेच. तिची बाजारवाट, सुकवणीची जागा या गोष्टी पाण्यात नाहीत म्हणून समुद्राच्या नकाशात येत नाहीत. पण समुद्र सरकला की त्याही सरकतात.

दुसरा आक्षेप असा की, निर्णय आधीच झाला असेल तर खेळ हे निव्वळ सोंग ठरते. गावसभेचा ठराव लिहून झाल्यावर गावसभा बोलवावी, तसे. म्हणून खेळाची वेळ महत्त्वाची. खांब उभे करण्यापूर्वी खेळलात तर तो विचारविनिमय, नंतर खेळलात तर करमणूक. तिसरी गोष्ट, खेळात सत्तेचा तोल खोटा असतो. पटावर मंत्री आणि मासेमार यांना सारखाच वेळ मिळतो, बाहेर तसा मिळत नाही. खेळ संपल्यावर कायदा, कोर्ट, निवडणूक ही साधने लागणारच. खेळाने न्याय होत नाही. न्याय कशाशी करायचा आहे, एवढे मात्र तो दाखवतो.

तरीही त्याचा उपयोग होतो, याला आपल्या शेजारीच दाखला आहे. आंध्र प्रदेशाच्या कोरडवाहू भागात २०१३-१४ च्या सुमारास संशोधकांनी आणि गावांत काम करणाऱ्या एका संस्थेने शेतकऱ्यांना भूजलाचा खेळ दिला. प्रत्येकाने ठरवायचे, जास्त पाण्याचे पीक घ्यायचे की कमी पाण्याचे. सगळ्यांचे पाणी एकाच जमिनीखालून येणारे. वर्षामागून वर्ष पटावर पाणी खाली जाते आणि माणसे आपोआप एकमेकांशी बोलू लागतात. पुढे पाहणी केली तेव्हा, ज्या वस्त्यांत खेळ झाला होता तेथे पाण्याची नोंदवही ठेवण्याचे आणि पाणी वापरण्याचे नियम करण्याचे प्रमाण इतर वस्त्यांपेक्षा अधिक आढळले. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषींना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते सामाईक संपत्ती लोक स्वतःच्या नियमांनी कशी राखतात, याच अभ्यासासाठी. आपल्या धुळे-नाशिककडची पांझरा-मोसमकाठची फड पद्धत अशाच नियमांवर शतकानुशतके चालली.

म्हणजे विषय समुद्राचा असला तरी तो आपलाही आहे. पैठणच्या नाथसागराचा डावा कालवा आमच्या भागातून जातो. कालव्याच्या मुखाकडच्या शेतकऱ्याने उसाला दांडगे पाणी दिले की टेलच्या शेतकऱ्याची पाळी कोरडी जाते. वरच्या धरणांनी पाणी अडवले की नाथसागर रिता राहतो आणि नाशिक, नगर व मराठवाडा यांची भांडणे कोर्टात जातात. पाणी गोडे असो की खारे, बांध नसलेल्या वस्तूची वाटणी एकाच रीतीने बिघडते.

शेवटी शिक्षकबंधूंसाठी आणि भगिनींसाठी एक सूचना. संगणकाची वाट पाहू नका. एका परातीत ४० चिंचोके घ्या. हा समुद्र. वर्गाचे चार गट करा. प्रत्येक फेरीत प्रत्येक गटाने शून्यापासून पाचपर्यंत हवे तितके चिंचोके काढायचे. फेरी संपली की परातीत जितके उरले असतील त्यांच्या निम्मे आणखी घाला, कारण मासळी वाढते. पण ४० च्या वर जाऊ देऊ नका, कारण समुद्राच्या पोटालाही सीमा आहे. पहिला खेळ मुलांना आपापसांत न बोलता खेळू द्या. प्रत्येक गट पाच-पाच काढील तर पहिल्या फेरीनंतर परातीत ३० होतील, दुसरीनंतर १५, आणि तिसऱ्या फेरीत परात रिकामी. साऱ्या वर्गाला मिळून मिळाले ५५. मग दुसरा खेळ बोलून, ठरवून खेळू द्या. प्रत्येक गट तीन-तीन काढील तर २८ उरतील, निम्मे मिळवताच परात पुन्हा ४० ला भरेल, आणि दहा फेऱ्यांत वर्गाला १२० मिळतील, वर समुद्र भरलेला तो भरलेलाच.

एवढे झाल्यावर एका गटाला सांगा, तुम्ही आता मासेमार नाही, बंदरवाले आहात आणि परातीचा चौथा हिस्सा तुम्हांला भर घालायला हवा आहे. दुसऱ्या गटाला सांगा, तुमची होडी लहान, तुम्हांला परातीच्या कडेचेच चिंचोके घेता येतील, मधले नाहीत. मग शांत बसा आणि मुले काय बोलतात ते ऐका. कोण कोणाची बाजू घेतो, कोण नवा नियम सुचवतो, कोण गप्प राहतो, ते फळ्यावर लिहून ठेवा. नकाशावर चौल, सातपाटी, वरळी, वाढवण ही नावे त्यानंतर दाखवा. त्या नावांशी मुलांची ओळख तोवर झालेली असेल.